‘जतन झाले’ म्हणण्याआधी



आमच्या नेरे गावाला हिंजवडीचं आयटी पार्क जवळ. वर्गात कुणाचे बाबा तिथे कोडिंग करतात, तर कुणाचे गाडी चालवतात. मी डी.एड. झालेला प्राथमिक शिक्षक. पण हौस म्हणून आकारिक नोंदींसाठी सी शार्पमध्ये एक छोटा प्रोग्राम केला.

‘जतन करा’ बटण दाबलं की खिडकी गोठायची. वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’! कारण साधं आहे. खिडकी रंगवणं, क्लिक ऐकणं ही सगळी कामं एकच धागा करतो. तोच ऑफिसातल्या संगणकाची वाट बघत बसला, तर बाकीचं कोण बघणार?

एका पालकांनी ‘अ‍ॅसिंक’ आणि ‘अवेट’ सांगितलं. ही सोय सी शार्पमध्ये २०१२ पासून आहे. आपण एका मुलाला खडू आणायला पाठवतो, तोवर शिकवत राहतो. खडू आला की फळ्याकडे वळतो. अगदी तसंच.

मी बदल केला, खिडकी मोकळी झाली. मी खूश! पण निकालाच्या दिवशी एक मुलगी प्रगतिपत्रक घेऊन आली. गणिताचा रकाना कोरा. हळूच म्हणाली, “सर, मी पेपर दिला होता ना?”

पोटात गोळाच आला. शोधलं, तर जतन करण्याच्या ओळीआधी ‘अवेट’ लिहायचंच राहिलेलं. नेट तुटलं, नोंद गेली नाही, तरी प्रोग्रामने ‘जतन झाले’ दाखवलं. खडू आणायला पाठवलं आणि तो आल्याचं न बघताच आला म्हणून सांगितलं! कंपायलरने इशारा दिला होता, मीच तो वाचला नाही.

उत्तरपत्रिका काढून गुण भरले. तिची वर्गासमोर माफी मागितली.

आता तीन गोष्टी पाळतो :

१. काम सुरू होताच बटण बंद, म्हणजे दोनदा दाबलं जात नाही. संपल्यावर ‘फायनली’मध्ये पुन्हा चालू.

२. ‘अवेट’ आणि त्याभोवती ‘ट्राय-कॅच’. बटणाचा हँडलर ‘अ‍ॅसिंक व्हॉइड’ असतो. त्यातली चूक बाहेरून पकडता येत नाही, आतच पकडावी लागते.

३. ‘जतन झाले’ हा संदेश अगदी शेवटी.

वर्गातही आपण “समजलं का?” विचारतो आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातो. तिथेही थोडं थांबायला हवं, नाही का?