फसणे, फसवणे आणि कर्त्याचा शोध

वर्तकनगरातील गृहनिर्माण मंडळाच्या एका जुन्या इमारतीत राहणारे मराठीचे एक निवृत्त प्राध्यापक पोलीस ठाण्यात तक्रारीचा अर्ज लिहावयास बसले, तेव्हा पहिल्याच वाक्यापाशी अडले. दूरध्वनीवर बँकेचा अधिकारी म्हणून बोललेल्या एका अनोळखी माणसाने त्यांच्या बचतीचा मोठा भाग काही मिनिटांत काढून घेतला होता. त्यांनी लिहिले, 'मी फसलो.' हवालदाराने कागद वाचला आणि अदबीने सांगितले, "सर, असं नाही चालत. कोणी फसवलं ते लिहा. माहीत नसेल तर 'अज्ञात इसमाने' लिहा." ज्याने उभी हयात कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकविले, त्याला त्याच्याच वाक्यातील उणीव अशा ठिकाणी दाखविली जावी, यातील उपरोध त्यांच्या ध्यानात आला. परंतु घरी परतताना त्यांना अधिक अस्वस्थ केले ते या जाणिवेने, की ते वाक्य त्यांच्या तोंडी भाषेनेच घातले होते.

मराठीत 'फसणे' हे मूळ क्रियापद असून 'फसवणे' हे त्यापासून सिद्ध झालेले प्रयोजक रूप आहे. 'ठकणे–ठकवणे', 'भुलणे–भुलवणे', 'गंडणे–गंडवणे' या जोड्यांची रचनाही अशीच आहे. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने फसण्याची क्रिया आधी घडते. फसविणारा तिच्यात मागाहून, एका प्रत्ययाच्या आधाराने प्रवेश करतो. 'चोरणे' या क्रियापदाचे तसे नाही. तेथे चोर पहिल्यापासून कर्ता आहे. ज्याच्या घरी चोरी झाली, त्याला कोणी 'चोरला' म्हणत नाही. फसलेल्याच्या वाट्याला मात्र वाक्यातील कर्तेपद येते आणि त्यासोबत दोषही येतो. चोरी झालेला मनुष्य शेजाऱ्यांना बोलावतो; फसलेला दार लावून घेतो. प्राध्यापकांनीही झाली गोष्ट डोंबिवलीला राहणाऱ्या मुलीपासून कित्येक दिवस लपवून ठेवली होती.

वाक्प्रचारांची साक्षही याहून वेगळी नाही. टोपी घालणे, शेंडी लावणे, तोंडाला पाने पुसणे: यांत जे घडते ते फसलेल्याच्या देहावर, त्यातही मस्तकावर आणि मुखावर, म्हणजे प्रतिष्ठेच्या स्थानी घडते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभे राहते ते त्या माणसाचे हास्यास्पद झालेले रूप. टोपी घालणारा हात त्या चित्रात दिसत नाही.

व्युत्पत्तीकडे वळल्यास तो हात काहीसा दिसू लागतो. 'फसणे'चे नाते 'फास' या नामाशी, म्हणजे पाशाशी जोडले जाते. पाश आपोआप पडत नाही; तो कोणीतरी मांडलेला असतो. 'ठग' किंवा 'ठक' हा शब्द संस्कृत 'स्थग्' या धातूकडे जातो; त्याचा अर्थ झाकणे, लपविणे असा आहे. आद्य 'स्थ'चा 'ठ' व्हावा, हा ध्वनिबदल ठाणेकराला अपरिचित नसावा: शिलाहारांच्या लेखांतील 'श्रीस्थानक' त्याच वाटेने 'ठाणे' झाले. या अर्थाने ठग म्हणजे झाकणारा. आणि तो सर्वांत आधी झाकतो ते स्वतःचे कर्तेपण. इंग्रजीने एकोणिसाव्या शतकात हा शब्द उचलला तो ठगीच्या बंदोबस्ताच्या काळात. फिलिप मेडोज टेलरच्या १८३९ मधील कादंबरीने तो इंग्रजी वाचकांत रूढ केला. मात्र तिकडे त्यातील कपट ओसरले आणि उरला तो केवळ दांडगा गुंड.

कर्त्याचे नाव भाषेने कधी घेतलेच नाही, असे मात्र नाही. प्रश्न ते कोणावर बसविले, हा आहे. 'भामटा' आणि 'उचल्या' हे शब्द मराठीत एकाच वेळी अवगुणाची आणि जमातीची नावे आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या १९११ व १९२४ च्या रूपांनी माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची सोय केली. सोलापूरची तारेच्या कुंपणातील वसाहत ही तिची महाराष्ट्रातील ठसठशीत खूण होय. ज्या फासाने पारधी हरणे आणि पाखरे धरीत, तोच फास 'फासेपारधी' या नावात राहिला आणि त्या नावासह संशयही चिकटला. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शब्द रद्द झाले नाहीत. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ मध्ये आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हेच नाव दिले, तेव्हा शिवी म्हणून लादलेला शब्द प्रथमच साक्षीदाराच्या मुखातून आला. 'राजपूत भामटा' या विमुक्त जातीच्या नावातील 'भामटा' वगळावा की नाही, यावर २०२३ मध्ये महाराष्ट्रात जाहीर वाद झाला. एका पक्षाला तो शब्द कलंक वाटतो. तो गेल्यास सवलती भलत्यांच्या हाती जातील, अशी भीती दुसऱ्या पक्षाला वाटते. एकच शब्द अपमान आणि पुरावा अशा दोन्ही भूमिका बजावतो, तेव्हा त्याचा निकाल कोशाच्या आधारे लागत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला 'वंचित' हा शब्द उभा आहे. 'वञ्च्' या धातूत वाकडे जाण्याचा अर्थ आहे. त्याच्या प्रयोजक रूपाचा अर्थ चकविणे, आडवाटेला नेणे. संस्कृतात वंचक म्हणजे ठक, आणि कोल्हाही. तेव्हा 'वंचित' म्हणजे मुळात फसविला गेलेला. आजच्या मराठीत मात्र 'शिक्षणापासून वंचित' म्हणताना केवळ अभावाचा बोध होतो, जणू दुष्काळासारखे काही आपोआप ओढवले आहे. कर्मणी धातुसाधितातील लुप्त कर्ता आता कोणाला आठवतही नाही. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये आपल्या पुस्तिकेला 'ब्राह्मणांचे कसब' हे नाव दिले, त्याचे महत्त्व येथे जाणवते. त्यांच्या निष्कर्षांविषयी मतभेद असू शकतील. परंतु वंचना हे कोणाचे तरी कसब असते, हे त्या शीर्षकातील षष्ठी विभक्तीने स्पष्ट केले. दुर्बळांच्या बाबतीत कर्त्याचे नाव जातीवर कोरावयाचे आणि प्रबळांच्या बाबतीत ते व्याकरणात विरघळू द्यावयाचे, ही भाषेच्या व्यवहारातील विषमता म्हणावी लागेल.

कायद्याची भाषा तेवढी याला अपवाद ठरते. भारतीय दंड संहितेतील ४२० या कलमाने मराठीला 'चारसोबीस' हे नाम दिले. ते जातीवरून आलेले नाही. कृत्यावरून आलेले आहे. १ जुलै २०२४ पासून त्या कलमाची जागा भारतीय न्याय संहितेतील ३१८ (४) ने घेतली. तरी बोलीतील आकडा बदलण्याची चिन्हे नाहीत.

प्राध्यापकांनी अर्ज पुन्हा लिहिला: 'अज्ञात इसमाने माझी फसवणूक केली.' पैसे परत मिळतील, याची खात्री त्यांना कोणी दिली नाही. त्या रात्री त्यांनी मुलीला दूरध्वनी केला आणि तेच वाक्य, तृतीया विभक्तीसह, तिला सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ती म्हणाली, "बाबा, मीही मागच्या वर्षी फसले होते. तुम्हाला सांगितलं नाही." त्यांनी तिची क्रिया सुधारली नाही. एवढेच विचारले, "कोणी फसवलं?"