आधी आपल्या घरात विचारा

मंडळाच्या मीटिंगमध्ये ठरलं की या अंकात ज्युनियर्ससाठी एक यादी द्यायची: तत्त्वज्ञान, नीट विचार कसा करावा, देवाधर्माशिवायची श्रद्धा, यांवर काय वाचावं, काय ऐकावं. काम माझ्याकडे आलं. लायब्ररीत गळ्यात क्रॉस आणि हातात दाभोलकर घेऊन बसणारी मी एकटीच, म्हणून असेल.

दहा मिनिटांत मी अकरा पुस्तकं लिहून काढली. मग लक्षात आलं, त्यातली सात मी फक्त चाळलीत. ती खोडली. उरलेली इथे सांगते, पण ती का उरली हे सांगायचं तर आधी गेल्या वर्षीचा मे महिना सांगावा लागेल.

माझ्या आईला डायबेटीस आहे. आम्ही मूळचे वसईचे, बाबांच्या नोकरीमुळे सुरतेत आलो. इथे मराठी मिस्सा सहज मिळत नाही, त्यामुळे कुणी मराठीत प्रार्थना घेतंय म्हटलं की आई धावत जाते. अशाच एका घरगुती प्रार्थनेत तिला मंतरलेल्या, म्हणजे आमच्या भाषेत आशीर्वादित, तेलाची बाटली मिळाली. आणि एक वाक्य मिळालं: विश्वास असेल तर गोळी कशाला? आईने गोळ्या बंद केल्या. नवव्या दिवशी ती बाथरूमजवळ चक्कर येऊन पडली. साखर चारशेच्या वर. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?" मी आईच्या हातातल्या रोझरीकडे बघितलं आणि गप्प बसले.

आता गंमत बघा. त्याच्या तीनच महिने आधी मी वर्गात भोंदूबाबांवर प्रेझेंटेशन दिलं होतं. टाळ्या मिळाल्या होत्या. त्यातले सगळे बाबा दुसऱ्यांचे होते.

म्हणून यादीत पहिलं पुस्तक नरेंद्र दाभोलकरांचं 'तिमिरातुनी तेजाकडे'. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते इतरांबद्दलचं वाटलं होतं. हॉस्पिटलमधून आल्यावर पुन्हा वाचलं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका देवाला किंवा धर्माला विरोध अशी नाही. त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आणि फसवणुकीला विरोध, अशी आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ज्या माणसाचा खून झाला, तो माझा देव हिसकावायला आलाच नव्हता. तो एवढंच विचारत होता, की या बाटलीने काय होतं ते तपासलंत का?

दुसरी शिफारस आपल्या गावाची आहे, आणि ती आपल्यातल्या फार जणांना ठाऊक नाही. मराठी व्याकरण म्हटलं की दादोबा पांडुरंग तर्खडकर आठवतात. ते सुरतेत शिक्षक होते. इथे १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी, दादोबा आणि मित्रांनी मानवधर्म सभा काढली. एक देव, जातिभेद नको, आणि मंत्रतंत्र करणाऱ्यांना उघड आव्हान: तुमची विद्या आमच्यासमोर करून दाखवा! दाभोलकरांच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी, आपल्या तापीकाठी. गुजराती वाचता येत असेल तर महीपतराम रूपराम यांनी लिहिलेलं दुर्गारामचरित्र शोधा, मराठीत अ. का. प्रियोळकरांनी संपादित केलेलं दादोबांचं आत्मचरित्र आहे.

ही गोष्ट वाचताना मी एका ठिकाणी अडखळले. सभा निघाली त्यामागे एक मोठं कारण म्हणजे सुरतेतला एक पारशी विद्यार्थी ख्रिस्ती झाला आणि शहरात खळबळ उडाली. म्हणजे या लोकांना ज्यांच्यापासून आपली मुलं सांभाळायची होती, त्यात माझीच बाजू होती. पण त्यांनी नुसतं मिशनऱ्यांना नावं ठेवून भागवलं नाही. आपल्या घरात काय चुकतंय हे विचारलं. मला नेमकं तेच जमलं नव्हतं.

पुढे दादोबा मुंबईला परतले आणि १८४९ मध्ये परमहंस मंडळी निघाली. तिथे सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं! मी वाचून हसले. जो पाव मी रोज चहात बुडवते, तो खायला त्यांना केवढं धैर्य लागलं असेल. पण मंडळी गुप्त होती. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटायची वेळ आली आणि मंडळी मोडली. विचार स्पष्ट होते, पण घरच्यांना कळेल ही भीती मोठी होती. हॉस्पिटलमधलं माझं गप्प बसणं आठवलं आणि हसू थांबलं.

तिसरं, ऐकण्यासाठी. जानेवारी १९४८ मध्ये बीबीसी रेडिओवर देव आहे की नाही यावर बर्ट्रंड रसेल आणि जेझुइट फादर फ्रेडरिक कॉपलस्टन यांचा वाद झाला. नेटवर सापडतो. आरडाओरडा नाही. शब्दाचा अर्थ आधी ठरवू, मग भांडू, असा प्रकार. मेथी निवडता निवडता मी तो आईला मराठीत सांगितला. "मग जिंकलं कोण?" "कुणीच नाही." "मग ऐकायचं कशाला?" मी म्हटलं, "समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा नीट मांडून मग उत्तर कसं द्यायचं, ते कळतं." आई म्हणाली, "हे तुझ्या बाबांना ऐकव."

चौथं, 'आजचा सुधारक'. आगरकरांच्या 'सुधारक'चं नाव पुढे चालवत दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये नागपुरातून सुरू केलेलं मासिक. त्यांचे विवेकवादावरचे लेख सावकाश वाचा, एका बैठकीत एकच.

पाचवं आमच्या घरचं. संत थॉमस अक्वायनस 'सुम्मा'मध्ये देव आहे का हा प्रश्न घेतो आणि सुरुवातच देव नाही म्हणणाऱ्यांच्या मुद्द्यांनी करतो: जगात दुःख आहे, आणि निसर्गाचं काम देवाशिवायही समजावता येतं. तेराव्या शतकातला संत! आणि कॅथलिक बायबलमधल्या सिराकच्या पुस्तकाचा अडतिसावा अध्याय. त्यात वैद्याला मान द्यायला सांगितलंय, औषधं देवानेच जमिनीतून निर्माण केली म्हटलंय. फादरांनी तो आईला दाखवला. आई हल्ली सकाळची गोळी प्रार्थनेनंतर घेते. तिने तेलाची बाटली टाकलेली नाही. मी तसा हट्टही धरला नाही.

एक काम मात्र राहिलं होतं. प्रार्थना घेणाऱ्या आंटी पाहुणचाराला घरी आल्या तेव्हा चहा देताना मी विचारलं, "आंटी, बरे झाले त्यांची साक्ष तुम्ही सांगता. बरे नाही झाले त्यांची वही ठेवता का?" माझा आवाज कापत होता. आंटी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही गं. ते लोक परत येतच नाहीत."

या सगळ्या पुस्तकांनी मी नास्तिक झाले का, असं मैत्रिणी विचारतात. नाही झाले, रविवारी मिस्साला जातेच. तुम्ही व्हाल की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. वाचताना एवढंच करा: जो प्रश्न दुसऱ्याच्या देवळाला, दर्ग्याला, चर्चला विचारताना मजा येते, तो आधी आपल्या घरात विचारा. आवाज कापला तर समजा, पुस्तक नीट वाचलंय.