कडल अट्टै

अंदमानच्या नील बेटावर ओहोटीच्या वेळी गाईडने खडकातल्या डबक्याकडे बोट दाखवलं. आत वीतभर लांबीचं काळं काहीतरी निवांत पडलेलं. ऑफिसच्या ग्रुपमधल्या एकाने त्याला जी उपमा दिली ती इथे छापण्यासारखी नाही. मी मात्र परत आल्यावर समुद्री काकडीबद्दल वाचतच सुटलो.

ही तारामाशाची चुलत बहीण. मेंदू नाही, तोंडाभोवती मज्जातंतूंचं एक कडं, बस्स. (आमच्याकडे याला डिझाइन म्हणून कोणी पास करणार नाही.) श्वास मागच्या दाराने, आणि काही जातींत त्याच दाराने एक बारीक मासा आत शिरून भाडं न देता राहतो. हवं तेव्हा अंग ढिलं करून ती फटीत घुसते, मग असं ताठ करते की ओढून निघत नाही. फारच छळलं तर काही जाती स्वतःची आतडी बाहेर फेकतात आणि काही आठवड्यांत नवी उगवतात!

अशा सुमारे १,७०० जाती आहेत. बऱ्याचदा जात नक्की करायची तर कातडीतले चुन्याचे कण सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात: कुठे बटणं, कुठे नांगर, कुठे चिमुकली टेबलं.

आता उकडून वाळवलेल्या मालाचं पोतं डोळ्यांसमोर आणा. चीनमध्ये याला मोठी किंमत येते. किनाऱ्यावरचा शिपाई त्यातली जात कशी ओळखणार? २००१ मध्ये भारताने सगळ्याच जाती वाघाच्या पंगतीला, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बसवल्या, ते मला म्हणूनच समजू शकतं. शिवाय नर-मादी बीजं पाण्यात सोडून देतात. शेजारी विरळ झाले की ती भेटतच नाहीत. आतडी परत येतात, वस्ती येत नाही.

पण मन्नारच्या आखातातले तमिळ कोळी तिला पिढ्यान्‌पिढ्या ‘कडल अट्टै’, म्हणजे समुद्रातली जळू, म्हणत पकडत आले. पलीकडे श्रीलंकेत परवाना काढून तोच धंदा चालतो. इकडे तस्करी. यांचा राग मला खोटा वाटत नाही. १९८८ मध्येच तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने वाळूतल्या एका जातीची पिल्लं टाकीत वाढवून दाखवली होती. निदान त्या एका जातीची शेती या कोळ्यांच्या हाती द्यायला हवी होती, असं माझं मत आहे.