प्रश्न कोणत्या भाषेत पडतो?

आम्ही पारोळ्याचे. राज्यशास्त्रात पीएच.डी.साठी अर्ज करताना विषय शोधायला आम्हांस दूर जावे लागले नाही. आमच्याच जळगाव जिल्ह्यातील फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. खानदेशातल्या शेतकरी घरांत त्याची कोणती आठवण उरली आहे, हा प्रश्न आम्हांस पडला तो अहिराणीत.

प्रवेशाची वाट मात्र ‘नेट’मधून जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४च्या निर्णयाने फेलोशिप न मिळालेल्यांच्या प्रवेशात या परीक्षेच्या गुणांना ७० टक्के भार आला, मुलाखतीला ३०. राज्यशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत निघते, मराठीत नाही. प्लेटोपासून आंबेडकरांपर्यंत सारे मराठीतून वाचलेल्या विद्यार्थ्याला तीन तासांत १५० प्रश्न सोडवताना ‘संप्रभुता’ म्हणजे आपले ‘सार्वभौमत्व’, हेही मनाशी जुळवावे लागते.

अशा परीक्षेने वाचन जोखता येते, हे आम्हांस मान्य आहे. पण संशोधकाची ओळख त्याला पडलेल्या प्रश्नावरून व्हावी, आणि त्या प्रश्नासाठी जागा उरते ती केवळ तीस टक्क्यांत. अहिराणीत सांगितलेली आठवण राज्यशास्त्राचे साधन ठरते की नाही, याचा निर्णय तिथेच होईल. आम्ही अर्ज केला आहे तो त्या निर्णयासाठी.