तुलना करावी, पण कोणाशी?

निकाल लागला की होस्टेलच्या जिन्यात एकच प्रश्न घुमतो, "तुला किती?" या प्रश्नाचा मला मनापासून कंटाळा. आणि गंमत बघा, माझा छंद नेमका याच प्रश्नावर उभा आहे! फक्त मी तो ताऱ्यांना विचारतो.

काही ताऱ्यांचं तेज कमीजास्त होत राहतं. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. मृगाच्या खांद्यावरचा तांबूस काक्षी, म्हणजे बीटलज्यूस, हा त्यातलाच. एरवी त्याची प्रत 0.5 च्या आसपास असते. 2019 च्या अखेरीस तो मंदावू लागला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये 1.6 पर्यंत उतरला. (आकडा वाढला की तारा मंद, आपल्या रँकसारखंच!) आता तो फुटणार, अशी आवई उठली. प्रत्यक्षात ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली होती आणि त्याच्या पृष्ठभागाचा एक भाग थंडावला होता, असं संशोधनातून पुढे आलं.

अशा ताऱ्यांच्या नोंदी हौशी मंडळीही करतात. अमेरिकेतली एएव्हीएसओ ही संस्था 1911 पासून त्या जमवते आहे. काक्षीसाठी दुर्बीणही लागत नाही. शेजारचे ठरलेल्या प्रतीचे दोन तारे घ्यायचे, एक काक्षीपेक्षा तेजस्वी, एक मंद, आणि तो दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते डोळ्यांनी ठरवायचं. प्रश्वा 0.4, रोहिणी 0.9. काक्षी प्रश्वापासून दोन पंचमांश अंतरावर वाटला, तर त्याची प्रत 0.6. झालं गणित!

पण खरी मेख तुलनेचे तारे निवडण्यात आहे. दोघांत फार अंतर नको. अर्ध्या प्रतीचं असलं तर उत्तम. रंग शक्यतो जुळावा, कारण लाल ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो उगाच उजळ भासतो. म्हणून निळसर राजन्य जवळ असला तरी कामाचा नाही. तुलनेचा तारा स्वतः स्थिर हवा. रोहिणीसुद्धा किंचित बदलते, तेव्हा तिच्यावर एकटीवर विसंबू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिघांची उंची सारखी हवी. रत्नागिरीत हे फार जाणवतं. एप्रिलच्या मध्यात रात्री साडेआठला रोहिणी समुद्राकडे झुकलेली असते, प्रश्वा मात्र अजून चांगला वर. क्षितिजाजवळचा प्रकाश जास्त जाड हवेतून येतो, त्यात खाऱ्या वाऱ्याचा धूसरपणा. रोहिणी मंद दिसते, पण तो दोष तिचा नव्हे, मधल्या हवेचा!

गेल्या वर्षी माझ्या रूममेटला ड्रॉप लागला. रोज रात्री घरून फोन यायचा आणि त्यात पुण्याच्या चुलतभावाच्या प्लेसमेंटचा विषय हटकून निघायचा. फोन ठेवला की हा गप्प. एकदा तर बॅग भरून बसला होता. मी त्याला समजावलं वगैरे नाही. म्हटलं, "चल गच्चीवर, आकडे लिहून घ्यायला माणूस हवाय."

महिनाभर तो वहीत आकडे लिहीत होता. एका रात्री त्याने विचारलं, "मग यात पहिला कोण आला? प्रश्वा की काक्षी?"

मी म्हटलं, "तसं कोणी बघतच नाही रे. प्रश्वा नुसती फूटपट्टी. बघायचं एवढंच, की गेल्या महिन्यातला काक्षी कुठे होता आणि आजचा कुठे आहे."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्या घरी फूटपट्टीचंच कौतुक चालतं."

बॅग त्याने त्याच आठवड्यात रिकामी केली. पुढच्या परीक्षेत चारपैकी तीन केट्या सुटल्या. चुलतभावासमोर तो आकडा काहीच नाही. त्याच्या स्वतःच्या आलेखावर मात्र ती सरळ चढण आहे. फोन अजून येतात. पण आता तो आधी स्वतःचं सांगून मोकळा होतो.

जानेवारीत रात्री अकराच्या सुमारास काक्षी, प्रश्वा आणि रोहिणी तिघेही चांगले वर असतात. गच्चीवर या. टॉर्चला लाल जिलेटीन लावून आणा, आणि कालचा आकडा बघून येऊ नका. शेजाऱ्याचा तर मुळीच नको!