जुनं वेल्डिंग मशीन घेताना

तुमच्या घरी निवृत्त झालेले वडील असतील, तर दुपारची ती शांतता तुम्हाला ठाऊक असेल. पेपर वाचून संपलेला असतो, चहाला अजून वेळ असतो आणि ते नुसतेच खुर्चीत बसलेले असतात. आमच्या रांझीतल्या घरी हे चित्र रोजचंच होतं.

बाबा 1971 साली जबलपूरच्या वाहन कारखान्यात वेल्डर म्हणून लागले. कारखाना तेव्हा नवाच होता, 1969 मध्ये सुरू झालेला. लष्कराचे शक्तिमान ट्रक आणि जोंगा गाड्या इथेच बनायच्या. आम्हा मराठी घरांसाठी जबलपूर हे दुसरं माहेरच. घरात मराठी, दारात हिंदी.

आई गेल्यानंतर बाबा फारच गप्प झाले. एकदा मागच्या अंगणातलं तुळशीचं लोखंडी स्टँड मोडलं. ते हातात घेऊन बाबा म्हणाले, "मशीन असतं तर पाच मिनिटांचं काम होतं." तेवढंच बोलले, पण माझ्या मनात ते घर करून राहिलं. ठरवलं, त्यांना मशीन घेऊन द्यायचं. नवं नको, जुनंच पाहू, म्हणजे खिशालाही झेपेल.

एका बंद पडलेल्या वर्कशॉपमध्ये एक मोठा, तेल भरलेला ट्रान्सफॉर्मर मिळत होता. विकणारा म्हणाला, "दीदी, मक्खन चलती है!" मी लगेच फोनवरून एक हजार रुपये बयाणा पाठवून दिला. बाबांना सरप्राइज द्यायचं होतं ना!

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन गेले. बाबांनी मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी खाली वाकून त्यावरची पत्र्याची पट्टी पुसली आणि वाचली. मग माझ्याकडे वळले. "अगं, हे 415 व्होल्टचं आहे. दोन फेज लागतात याला. आपल्या घरी एकच फेज, 230 व्होल्ट. हे आपल्याकडे चालणारच नाही."

बयाणा परत मिळाला नाही. मला रडू यायचं बाकी होतं. बाबा मात्र रिक्षात हसत होते. "एक हजारात धडा मिळाला. स्वस्तच पडला म्हण."

म्हणून आधी तुम्हाला सांगते. जुनं मशीन घ्यायला गेलात, तर रंग आणि चमक नंतर पाहा, पट्टी आधी वाचा. व्होल्ट किती, फेज किती आणि किती अँपिअरवर किती टक्के, हे तिथे लिहिलेलं असतं. 60 टक्के लिहिलं असेल, तर त्या अँपिअरवर दहा मिनिटांत सहा मिनिटं काम करायचं आणि चार मिनिटं मशीनला थंड होऊ द्यायचं.

पुढच्या महिन्यात दुसरं मशीन पाहिलं. हे छोटं, इन्व्हर्टरवालं, एका हातात उचलता येईल असं आणि घरच्या लाइनवर चालणारं. या वेळी बाबाच पुढे होते. केबल बोटांनी दाबत शेवटपर्यंत तपासली. कुठे चिरली तर नाही ना, होल्डर रॉड घट्ट धरतो का, अर्थिंगचा चिमटा सैल आहे का, सगळं पाहिलं. मशीन चालू करून पंखा फिरतो का ते ऐकलं. जाळीवर नाक नेऊन वास घेतला. "जळका वास आला असता तर परत फिरायचं," म्हणाले. शेवटी विकणाऱ्याला सांगितलं, "रॉड लावून दाखवल्याशिवाय पैसे नाही."

अडीच मिलिमीटरचा रॉड लावला. बाबांनी 70 अँपिअरवर बटण ठेवलं. मी वाट पाहत होते, की आता ते होल्डर हातात घेतील. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि स्वतः दहा पावलं लांब, दाराशी जाऊन उभे राहिले.

"बाबा, तुम्ही?"

त्यांनी छातीवर हात ठेवला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला होता. वेल्डिंगच्या जोरदार करंटचा पेसमेकरवर परिणाम होऊ शकतो. डॉक्टरांनी त्यांना वेल्डिंगला साफ नाही सांगितलं होतं. मी तेव्हा औषधांच्या वेळा लिहून घेण्यात गुंतले होते, हे माझ्या कानावरून गेलंच. ज्या भेटीसाठी मी एवढी धडपडले, ती त्यांना वापरताच येणार नव्हती.

"मग आपण कशाला घेतोय हे?" माझा आवाज चिरकला.

"तुझ्यासाठी," बाबा म्हणाले. "लहानपणी तू काळी काच मागायचीस आणि मी रागवायचो. आता घे."

मशीन घरी आलं. वायरमन बोलावून वेगळी लाइन आणि एमसीबी बसवून घेतला. पहिल्या दिवशी माझा रॉड पत्र्याला चिकटूनच बसायचा. बाबा लांबून ओरडायचे, "टेकवू नको, काडेपेटीसारखा ओढ! आवाज ऐक. तळणाऱ्या भज्यांसारखा एकसारखा आला, की समज जमलं."

एक चूक मात्र तुम्ही करू नका. एकदा घाईत मी काच न लावता ठिणगी पाडली. त्या रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. पूर्वी बाबांचे डोळे लागायचे, तेव्हा आई बटाट्याच्या चकत्या ठेवायची. मी सकाळी सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. काळी काच, चामड्याचे हातमोजे, जाड सुती कपडे आणि बंद बूट घातल्याशिवाय आता बटणाला हात लावत नाही. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपला तर मुळीच हात लावायचा नाही, त्याच्या धुराने ताप येतो, ही बाबांची सक्त ताकीद.

तुळशीचं स्टँड मी जोडलं. जोड वाकडातिकडा आहे, गोगलगाय चालून गेल्यासारखा. बाबांनी हातोडीने वरची खपली काढली, बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "कारखान्यात पास झाला नसता. तुळशीला चालेल."

आता आमची दुपार शांत नसते. शेजारपाजारचे मोडक्या खुर्च्या, गेटच्या कड्या घेऊन येतात. बाबा दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि माझ्या चुका मोजतात.

तुमच्याही घरी कुणाच्या तरी हातात असं कसब असेल. त्यांना काही घेऊन देणार असाल, तर आधी त्यांच्याशी बोला. मी बोलले असते, तर बयाणाही वाचला असता आणि त्यांना काय हवंय, हेही आधीच कळलं असतं.