छातीला माती

३ फेब्रुवारी २०२५ च्या सकाळी कापडे बुद्रुकच्या आमच्या टपरीवर एका मोबाइलभोवती सात-आठ डोकी जमली होती. चहा निवत होता आणि कुणाचं लक्ष नव्हतं. आदल्या दिवशी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी झाली होती. गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पंचांनी पृथ्वीराज मोहोळच्या बाजूनं चितपट दिली. शिवराज राक्षेचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत. मग त्यानं पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. पुढं मोहोळ आणि महेंद्र गायकवाड यांच्या किताबाच्या कुस्तीतही गुणावरून वाद झाला आणि शेवटचे काही सेकंद राहिले असताना गायकवाड आखाडा सोडून गेला. गदा मोहोळला मिळाली, राक्षे आणि गायकवाडला तीन-तीन वर्षांची बंदी.

“नाना, तुम्ही पंच आहात. सांगा, चीत होती का नव्हती?”

फोन माझ्या हातात आला. पोरांनी चित्र नेमक्या क्षणाला थांबवून ठेवलं होतं. एकाला त्यात दोन्ही खांदे टेकलेले दिसत होते, दुसऱ्याला एकच. मी विचारलं, “कॅमेरा कुठल्या अंगाला होता रे?” पोरं एकमेकांकडं बघायला लागली. नाना उत्तर टाळतायत, असं त्यांना वाटलं असणार. पण पंचाला विचारायचा पहिला प्रश्न तोच आहे. तू कुठं उभा होतास?

आमचा पोलादपूर तालुका कबड्डीचा. कुस्ती घाटावरची, आंबेनळी घाट उतरून ती आमच्याकडं पाहुणी म्हणून येते. माझा संबंध आला तो मामांमुळं. सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी शाळेला होतो, तिथल्या तालमीत पाच वर्षं माती उकरली. पैलवान म्हणून मी रेवड्यांच्या कुस्तीपुढं फारसा गेलो नाही. गुडघा गेला, तेव्हा वस्ताद म्हणाले, “तुला डाव कळतात, अंगात उतरत नाहीत. शिट्टी घे.” तेव्हापासून भातशेती सांभाळून चैत्र-वैशाखातल्या यात्रांचे फड करतो. जिल्ह्याच्या स्पर्धांत गादीवरही उभा राहिलो. एका मनगटाला लाल पट्टी, दुसऱ्याला निळी. गुण ज्याचा, त्या रंगाचा हात वर.

लोकांना वाटतं, पंचाचं काम डोळ्याचं. माझ्या मते ते पायाचं जास्त आहे. एकानं एकेरी पट काढला, की खालचा कुठल्या कुशीवर पडणार हे पडण्याआधी ओळखायचं आणि त्या अंगाला दोन पावलं आधीच जायचं. पडल्यावर धावलात, तर तुम्हाला वरच्याची पाठ दिसते. खांद्याची पाती जमिनीला भिडतात ती जागा चार बोटांची. ती बघायला गुडघ्यावर बसून भागत नाही; पोटावर झोपून गाल मातीजवळ न्यावा लागतो. पातीखालून उजेडाची फट दिसली, तर चीत नाही. फट मिटली, तर आहे. पाठीमागं हलगी कडाडत असते, ध्वनिक्षेपकावर कुणी इनाम वाढवत असतो आणि तुम्ही फट शोधत असता.

गादीवर सोय असते. रेफ्री, जज आणि मॅट चेअरमन असे तिघं असतात. रेफ्री एकट्यानं चीत देत नाही. बाकीच्या दोघांपैकी एकाची संमती मिळाली, की हात गादीवर आपटून शिट्टी मारतो. आणि म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमांत चीतवर चॅलेंज घेता येत नाही. दोन गुण की चार, यावर प्रशिक्षक चित्रफीत बघायला लावू शकतो. चितपट मात्र तिथंच संपते. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथं दोन मुखांवरच भागवतात आणि त्यांनी सांगितलं की देवाकडंही अपील नाही. सगळ्यात मोठा निकाल सगळ्यात कमी वेळात, आणि तोच परत उघडायचा नाही. हे ओझं काय असतं, ते शिट्टी तोंडात धरल्याशिवाय कळत नाही.

जानेवारी २०२३ ला पुण्यात कोथरूडच्या महाराष्ट्र केसरीत झालं ते निराळं होतं. माती विभागाच्या अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडनं सिकंदर शेखला बाहेरची टांग लावली. पंचांनी चार गुण दिले. उभ्यातून मारलेल्या डावात समोरच्याची पाठ जमिनीकडं नव्वद अंशांहून कमी कोनात वळली, की ती धोक्याची स्थिती, चार गुण. नाही वळली, तर नुसता ताबा, दोन गुण. सिकंदरच्या बाजूचे म्हणत होते, पाठ वळलीच नाही. म्हणजे भांडण कोनाचं होतं, तेही अर्ध्या सेकंदाच्या. महाराष्ट्रभर घराघरात लोक त्या टांगेवर बोलत होते आणि पंचांना फोनवरून धमकी गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला सिकंदरनं राक्षेला हरवून गदा घेतली, तेव्हा कुठं तो विषय जरा थंडावला.

माझा पुतण्या मुंबईत बॉक्सिंग खेळतो. तो मला हिणवायचा, “काका, तुमच्याकडं गोंधळच फार. आमच्यात तीन जज तीन बाजूंना बसतात, कुणाशी न बोलता कागदावर आकडे लिहितात.” फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ, कुणी खाली पडला तर सहसा आठ. मला पद्धत आवडली. मग त्यानंच एकदा १३ मार्च १९९९ ची न्यूयॉर्कची लढत दाखवली, लेनॉक्स लुईस आणि इव्हँडर होलिफिल्डची. हेवीवेटचे सगळे मोठे पट्टे एका रात्रीत एकत्र व्हायचे होते. लुईस बारा फेऱ्या डाव्या हाताचे ठोसे मारत राहिला. एका जजनं ११६-११३ असं लुईसला दिलं, दुसऱ्यानं ११५-११५, तिसऱ्या बाईंनी ११५-११३ असं होलिफिल्डला. लढत बरोबरीत सुटली आणि जगभर आरडाओरडा झाला. चौकशीत त्या बाईंनी पाचवी फेरी टीव्हीवर पाहिली आणि कबूल केलं, की असं दिसलं असतं तर ती मी लुईसला दिली असती. रिंगणाशी बसल्या जागेवरून मधल्या छायाचित्रकारांमुळं नीट दिसत नव्हतं, असंही त्यांचं म्हणणं होतं. लोक हसले असतील. मला हसू आलं नाही. माझ्या ओळखीची गोष्ट होती ती.

मे २०२४ ला रियाधमध्ये उसिक आणि फ्युरी हे बॉक्सर लढले. एका जजचा आकडा ११४-११३ उसिकला, दुसऱ्याचा ११४-११३ फ्युरीला. तिसऱ्यानं ११५-११२ दिलं म्हणून उसिक जिंकला. आकडे तेच, माणूस उलटा. दोघंही जाणते, दोघंही प्रामाणिक धरा. दोघांच्या खुर्च्यांमध्ये रिंगणाची एक बाजू होती, एवढंच.

आता माझं सांगतो. वीसेक वर्षं झाली. घाटावरच्या एका गावची यात्रा, शेवटून दुसरी कुस्ती, दिवस मावळायला आलेला. गावच्या फडात जज नाही, चेअरमन नाही, पंच एकटा. खडाखडी चालू होऊन दीड मिनिटही झालं नव्हतं. एका पैलवानानं ढाक मारली, खालचा पोरगा डाव्या कुशीवर आला आणि वरचा त्याच्यावर बसला. मी उजव्या अंगाला होतो. गुडघा दुखत होता म्हणून खाली झोपलो नाही, नुसता वाकलो. गर्दी ओरडली. त्या ओरडण्याबरोबरच माझी शिट्टी वाजली.

पोरगा उठला. भांडला नाही, एक शब्द बोलला नाही. वस्तादांच्या पाया पडायला माझ्याकडं पाठ करून वाकला. कुस्ती इतकी लवकर संपली होती, की मानेला आणि दंडाला लावलेली माती सोडली तर पाठ कोरीच होती. डाव्या पातीवर तांबड्या मातीचा तळहाताएवढा ठसा उमटला होता. उजवी पाती घामानं चकाकत होती, कणभर माती नव्हती.

मी ते पाहिलं. तोवर जिंकलेल्याला लोकांनी खांद्यावर घेतलं होतं, फेटा बांधला जात होता. मी हात वर करून निकाल फिरवायला हवा होता. नाही फिरवला. फडात पंचानं शब्द मागं घेतला, तर पुढची कुस्ती लागत नाही, असं मनाशी म्हटलं. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण भीती होतं. त्या पोराचं पाचशे रुपयांचं इनाम गेलं. त्याहून काय गेलं, ते त्यालाच माहीत.

म्हणून टपरीवर पोरं फोन थांबवून भांडतात, त्याचा मला राग येत नाही. भांडू दे. जे दहा वेळा, हळू करून, चारी अंगांनी बघतायत, त्यांना चूक दिसणारच, आणि ती दिसायलाही हवी. लाथ मारणाऱ्याची बाजू मी कधी घेणार नाही. पंचाला हात लागला, की उद्या शिट्टी घ्यायला माणूस मिळायचा नाही. पण पंच म्हणजे देव, असंही मी पोरांना सांगत नाही. एका अंगाला उभा राहिलेला तो एक माणूस आहे. त्यानं बाजू नीट निवडली का आणि खाली झोपला का, एवढंच त्याला विचारता येतं.

त्या यात्रेपासून गुडघा कितीही कुरकुरला, तरी मी पोटावर जातो. फड संपवून रात्री घरी आलो, की पांढऱ्या सदऱ्याची छाती तांबडी झालेली असते. डाग जाता जात नाहीत. बायको अंगणात दगडावर सदरा घासताना पहिली काही वर्षं बडबडायची. आता बडबडत नाही. गेल्या वैशाखात एकदा सदरा जवळजवळ स्वच्छ आला. तिनं तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, “आज कुस्त्या झाल्याच नाहीत, का तुम्ही झोपला नाहीत?”